फोटोतली कोळीमार: ओळख कुठवर पोचते?

निसर्गात थोडंफार हिंडणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. लांब पायांची काळी किंवा निळसर गांधीलमाशी आपल्याहून थोराड कोळ्याला पायाच्या मुळाशी धरून उलट्या पावली ओढत चालली आहे. कोळी मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला नसतो. नांगीच्या एक-दोन वारांनी तो लुळा पडलेला असतो. पुढचे काही दिवस त्याला असंच जिवंत पण निश्चल राहायचं असतं, कारण त्याच्या पोटावर चिकटवलेल्या एकुलत्या एका अंड्यातून निघणाऱ्या अळीला ताजं अन्न लागतं. हे ठाऊक असो वा नसो, फोटो काढणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: हिचं नाव काय?

या प्रश्नाला उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. कुणी छातीठोकपणे दोन शब्दांचं शास्त्रीय नाव ठोकून देतो, तर कुणी ‘फोटोवरून काही सांगता येत नाही’ म्हणून हात झटकतो. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. फोटोवरून कुल जवळजवळ नेहमी सांगता येतं. त्याखालची प्रजाती पुष्कळदा सांगता येते. जाती मात्र भारतात तरी क्वचितच. पण जाती न कळलेल्या फोटोतही एक गोष्ट असते, जी संग्रहालयात टाचणीवर खोचलेल्या नमुन्यात बहुधा नसते. ती म्हणजे माशीने काय धरलं होतं आणि ती त्याचं काय करत होती. ओळखीच्या सगळ्या खटाटोपात या गोष्टीकडे फार कमी लक्ष दिलं जातं, ही माझी तक्रार आहे.

आधी कुलाबद्दल. या माश्या पॉम्पिलिडी कुलातल्या. जगात त्यांच्या सुमारे पाच हजार जाती नोंदलेल्या आहेत. प्रौढ माशी फुलांतला मधुरस पिऊन राहते, पण अळीला फक्त कोळी चालतो, आणि एका अळीला एकच कोळी. मराठीत यांना रुळलेलं वेगळं नाव नाही, तेव्हा सोयीसाठी इथे कोळीमार म्हणू.

मात्र कोळी मारणारी प्रत्येक गांधीलमाशी कोळीमार नव्हे. घराच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा पुस्तकांच्या कपाटात चिखलाची घरटी लिंपणारी कुंभारीण सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिच्यातली पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या कमरेची स्केलिफ्रॉन हीसुद्धा कोळीच भरते. फरक इतकाच, की ती एकेका कप्प्यात लहान लहान कोळी दाटीवाटीने कोंबते. तेव्हा फोटोत फुटलेलं मातीचं घरटं आणि त्यातून सांडलेले बरेच छोटे कोळी असतील, तर कोळीमार बाद. घरट्यात किडा जातो आणि कालांतराने माशी बाहेर येते, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांनी नीट पाहिलेलं होतं. माशीच्या सततच्या गुणगुणण्याने किड्याला तिचा ध्यास लागतो आणि तोच माशी होतो, असा अर्थ लावून त्यातून भ्रमर-कीटक न्याय निघाला आणि संतवाङ्मयात रुजला. निरीक्षण पक्कं होतं, मधला भाग तेवढा दिसला नव्हता. फोटोवरून ओळख पटवताना आपलंही नेमकं हेच होतं. दिसतं ते खरं असतं, मधली गाळलेली जागा आपण भरतो.

इतर गांधीलमाश्यांपासून कोळीमार वेगळी काढायला भिंग लागत नाही. बसलेल्या माशीचे पुढचे पंख लांबीत घडी घालून अरुंद झालेले दिसले, तर ती कागदी पोळं करणाऱ्यांपैकी किंवा मडकी घडवणाऱ्यांपैकी. कोळीमार पंख पाठीवर सपाट ठेवते, घडी घालत नाही. कंबर लांबलचक काडीसारखी असेल, तर ती कुंभारणीच्या किंवा सुरवंट पकडणाऱ्या अमोफिलाच्या गोतातली. कोळीमारीची कंबर बारीक असते, पण आखूड. अंग राठ आणि केसाळ, पंखांच्या टोकांवर बारीक उभ्या सुरकुत्या दिसल्या तर ती जमिनीतल्या हुमणीसारख्या अळ्यांवर पोसणारी स्कोलिया. मिशा लांब, सारख्या थरथरणाऱ्या आणि असंख्य पेऱ्यांच्या असतील तर ती इक्न्यूमॉन. कोळीमारीच्या मिशांना मादीत बारा आणि नरात तेरा पेरं असतात, याहून जास्त नाही. चमकदार हिरवी, लाल मांड्यांची आणि झुरळाला मिशीला धरून चालवत नेणारी माशीही अनेकदा याच नावाखाली येते. ती अँप्युलेक्स. तिचा कोळ्यांशी संबंध नाही.

ही सगळी वगळण्याची लक्षणं झाली. पक्कं लक्षण एकच, आणि तेच बहुतेक फोटोंत येत नाही. माशीला बाजूने पाहिलं, की वक्षाच्या मधल्या भागाची बाजूची ढाल दिसते, मधल्या पायाच्या मुळाच्या वर. कोळीमारीत या ढालीवरून एक सरळ, आडवी-तिरकी खाच जाते आणि तिचे वरचा-खालचा असे दोन भाग पाडते. उजेड बरा असेल तर ही रेघ मोबाइलच्या फोटोतही दिसते. लोक फोटो काढतात वरून, उभ्या उभ्या. वरून फक्त रंग दिसतो.

जोडीला दोन-तीन सवयी. कोळीमार जमिनीवर झपझप धावते, थबकते, पुन्हा धावते आणि सतत पंख फडकावत राहते. मागचे पाय इतके लांब, की मांडी मागे नेली तर बहुधा उदराच्या टोकापलीकडे जाते. पायांवर काटे असतात. मादीच्या मिशा टोकाशी वळलेल्या असतात आणि मेलेल्या मादीत त्यांचं वेटोळंच होतं. चालतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ इथे चार स्थिर फोटोंपेक्षा जास्त सांगतो. कुलापर्यंत पोचायला एवढं पुरतं.

यात एक अडथळा आहे तो सोंगाड्यांचा. या माश्यांचा डंख भयंकर. अमेरिकेतल्या पेप्सिस प्रजातीच्या डंखाला जस्टिन श्मिट यांनी आपल्या वेदनेच्या मापनात चार, म्हणजे सर्वांत वरचा अंक दिला होता. असा दरारा असला की त्याचा पेहराव दुसरे उसना घेतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८८९च्या ‘डार्विनिझम’ या ग्रंथात बोर्निओतली एक मोठी कोळीमार आणि हुबेहूब तिच्यासारखा दिसणारा लांब मिशांचा भुंगेरा यांचं चित्र शेजारी शेजारी छापलं आहे. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख टणक झाकणासारखे असतात. याचे मात्र आखूड होऊन खालचे उडण्याचे पंख उघडे पडले आहेत, अगदी माशीसारखे. दक्षिण अमेरिकेत काही नाकतोडे आणि ढेकूणवर्गीय शिकारी किडे हेच सोंग घेतात. ऑस्ट्रेलियात नारिंगी कोळीमारीसारखी दिसणारी दोन पंखांची माशी आहे. फोटोत पंखांच्या जोड्या मोजाव्यात, मिशा पाहाव्यात, तोंडाकडे पाहावं. सोंड दिसली तर ढेकूणवर्गीय. पंखांची एकच जोडी आणि मिशा आखूड किंवा टोकाला जाड, तर ती साधी माशी.

याहून कठीण प्रकार म्हणजे कोळीमारच कोळीमारीसारखी दिसणं. एकाच भागात राहणाऱ्या, डंख मारणाऱ्या निरनिराळ्या प्रजाती एकच गणवेश वापरतात, म्हणजे शिकाऱ्याने एकीकडून धडा घेतला की बाकीच्यांचं काम होतं. काळं अंग आणि नारिंगी पंख हा त्यातला गाजलेला गणवेश. अमेरिकेत तो पेप्सिसमध्ये दिसतो, आपल्याकडे हेमिपेप्सिस आणि तिच्या नातेवाइकांत. त्यामुळे ‘नारिंगी पंख, मोठी, काळी, म्हणून अमुक’ हा युक्तिवाद जातीच्या बाबतीत लंगडा पडतो. शिवाय निळी-जांभळी झाक हा रंग नव्हेच. अंगाला चिकटलेल्या बारीक लवेवरून आणि पंखांवरून उजेड कसा परततो, त्यावर ती ठरते. फ्लॅशमध्ये जी निळी, ती सावलीत काळी. चंदेरी ठिपके तर अनेकदा नुसते लवेचे असतात आणि वयाबरोबर झिजून जातात. दोन आठवडे वाळू उपसलेली मादी आणि कोशातून कालच निघालेली मादी दोन जातींच्या वाटाव्यात, इतका फरक पडू शकतो.

आता प्रजाती. इथे पाय आणि पंख बोलतात. या कुलातली दोन मोठी घराणी म्हणजे पेप्सिनी आणि पॉम्पिलिनी ही उपकुलं. पॉम्पिलिनीत मागच्या पायाच्या नळीच्या टोकाचे काटे कमीजास्त लांबीचे आणि फाकलेले असतात. पेप्सिनीत ते एकसारखे, नीट ओळीत. पॉम्पिलिनीच्या पुढच्या पंखात एका शिरेला मुळाशी खाली बाक येऊन छोटासा खिसा तयार होतो. पंख उजेडासमोर पसरलेला मिळाला तर तो दिसतो. हेमिपेप्सिसच्या मादीच्या मागच्या नळीवर दातेरी रांग असते. एपिसायरॉनच्या अंगावर केसांऐवजी चपटे, खवल्यांसारखे पांढरे रोम असतात. ॲनोप्लियसच्या मादीच्या उदराच्या शेवटच्या वलयावर राठ काळे केस उभे असतात. सेरोपॅलिसचे डोळे आतल्या बाजूने खोलगट आणि वरचा ओठ उघडा. बाजूने, मागून आणि समोरून असे फोटो असतील तर यातलं काही ना काही पकडीत येतं.

पण या लक्षणांवर येण्याआधी मी फोटोतल्या कोळ्याकडे पाहतो. माशी हलते, पंख फडकावते, फोकस चुकवते. कोळी मात्र लुळा पडलेला असतो, त्याचा फोटो स्पष्ट येतो. त्याची ओळखही पुष्कळदा सोपी. डोळे पाहायचे. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन टपोरे आणि मागे आणखी दोन, तर तो जमिनीवर पळणारा लांडगा कोळी. आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत आणि पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, तर घरात झुरळं मारत फिरणारा मोठा चपटा कोळी किंवा त्याचे भाऊबंद. सगळे डोळे एकाच छोट्या उंचवट्यावर गोळा झालेले आणि अंग केसाळ, तर टॅरँटुला.

शिकार कळली की माशीची यादी एकदम आखूड होते. टॅरँटुला ओढणारी माशी हेमिपेप्सिस आणि तिच्या गोतातली असण्याचा संभव सर्वांत मोठा. गोल जाळं विणणारे कोळी एपिसायरॉन आणि बॅटोझोनेलस या प्रजाती धरतात. घरातला तो चपटा कोळी म्हणजे हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. त्याची मादी पांढरट चपटी अंडीपिशवी पोटाखाली धरून भिंतीवर बसलेली अनेकांनी पाहिली असेल. त्याच्यामागे लागते ती टॅकिपॉम्पिलस ॲनॅलिस. काळं अंग, गडद पंख आणि उदराचं टोक तांबडं-नारिंगी. भारतापासून जपानपर्यंत पसरलेली ही माशी फोटोवरून जातीपर्यंत नेता येणाऱ्या मोजक्या आशियाई कोळीमारांपैकी आहे, आणि त्यात अर्धं श्रेय शिकारीचं.

नेण्याच्या तऱ्हेकडेही पाहावं. बहुतेक जणी कोळ्याला मागे मागे ओढतात. पण कोळ्याचे काही किंवा सगळेच पाय मुळाशी कापलेले असतील आणि माशी त्याला पोटाखाली धरून सरळ पुढे चालत किंवा उडत असेल, तर ती ऑप्लोपस किंवा तिच्या जवळची. हिला मातीचे छोटे पिंपासारखे कप्पे करायचे असतात. पाय कापलेला कोळी त्यात नीट बसतो आणि ओझंही हलकं होतं. असा फोटो आला की लोक ‘कोळी आधीच जखमी होता’ असं लिहून मोकळे होतात. वास्तविक त्या फोटोतलं सर्वांत मौल्यवान लक्षण तेच असतं. उत्तर अमेरिकेतली ॲनोप्लियस डिप्रेसिपेस तर पाणकोळ्याला पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत नेते.

झुडपाच्या बेचक्यात लुळा कोळी अडकवून ठेवलेला आणि माशी जवळपास बीळ खोदते आहे, हा आणखी एक प्रसंग. कुंभारीण आधी घर बांधते, मग शिकारीला जाते. कोळीमारांपैकी पुष्कळ जणी आधी शिकार करतात, मग बिळाची जागा शोधतात. तोवर कोळी जमिनीवर ठेवला तर मुंग्या लुटून नेतील, म्हणून तो उंच ठेवायचा. गोल जाळ्याचे कोळी धरणाऱ्या प्रजातींत ही सवय ठळक आहे.

कधी चौकटीत दुसरी माशी असते. तिला लोक ‘जोडीदार’ किंवा ‘मदतनीस’ ठरवतात. ती बहुधा चोर असते. सेरोपॅलिसची मादी स्वतः शिकार करत नाही. दुसरी कोळीमार कोळी ओढत असताना ती संधी साधून त्याच्या पुस्तकी फुप्फुसाच्या फटीत आपलं अंडं घालून सटकते. पहिली बिचारी कोळी पुरते, त्यावर स्वतःचं अंडं घालते आणि आतून वाढते दुसरीचीच अळी. इव्हॅजिटिस बुजवलेलं बीळ उकरते, मूळ अंडं खाते आणि आपलं ठेवते. आणि मागे थोड्याच अंतरावर, प्रत्येक थांब्याला थांबणारी करड्या रंगाची लहानशी माशी दिसली, तर तीही लुटारूच. ती मांसमाश्यांच्या कुलातली असते आणि अंडं नव्हे, तर जिवंत अळीच शिकारीवर टाकते. फोटो कापून, मुख्य माशी मध्ये आणून सुबक करण्याच्या नादात हे सगळे चोर कापले जातात.

जातीच्या पायरीवर मात्र आपली खरी अडचण फोटोची नाही, पुस्तकांची आहे. ब्रिटनमध्ये या कुलाच्या पन्नासहून कमी जाती आहेत. त्यांच्यासाठी मायकेल डे यांची ओळखपुस्तिका १९८८ पासून हाताशी आहे. तरीही तिथे ॲराक्नोस्पिला आणि प्रायॉक्नेमिस या प्रजातींतल्या जाती फोटोवरून वेगळ्या करायला जाणकार धजत नाहीत. त्या ठरतात वक्षाच्या मागच्या भागावरच्या केसांवर किंवा नराच्या उदराच्या शेवटच्या खालच्या पट्टीवर, आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली.

भारतात परिस्थिती किती वेगळी आहे ते पाहा. चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड लिहिला तो १८९७ साली. सव्वाशे वर्षांनंतरही भारतीय कोळीमारांसाठी माणूस पहिल्यांदा उघडतो ते हेच पुस्तक. त्यातली सालियस, स्यूडॅजेनिया ही प्रजातींची नावं आज त्या अर्थाने वापरात नाहीत. त्यांच्याखालच्या जाती इकडे तिकडे वाटल्या गेल्या आहेत. त्याच काळात पीटर कॅमेरून या इंग्रज हौशी अभ्यासकाने इथून गेलेल्या नमुन्यांवर जातींमागून जाती वर्णन केल्या. डीसा छावणीतले सी. जी. नर्स बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नव्या जाती छापत होते. त्या काळची अनेक वर्णनं रंगावर भर देणारी, त्रोटक आणि एकाच लिंगाच्या नमुन्यावर आधारलेली आहेत. कोळीमारांत नर अंगाने सडपातळ आणि पुष्कळदा वेगळ्याच रंगाचा असतो. मादी एका नावाने आणि नर दुसऱ्या नावाने नोंदला गेला, तरी ते कळायला एकाच बिळातून निघालेले किंवा मीलन करणारे नर-मादी हाती लागावे लागतात. ज्या मूळ नमुन्यांवर नावं उभी आहेत, त्यांतले पुष्कळसे लंडन आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहेत.

पुनरावलोकन झालं की चित्र किती पालटतं, याचा दाखला अमेरिकेच्या पेप्सिसचा. कॉलिन व्हार्डी यांनी २००० ते २००५ या काळात तीन भागांत या प्रजातीचा कसून अभ्यास छापला. जुन्या नावांचा ढीग उपसून झाल्यावर १३३ जाती उरल्या. आपल्याकडच्या हेमिपेप्सिसच्या नावांवर असा हात फिरेपर्यंत फोटोखाली ठामपणे लिहिलेलं जातीचं नाव हे बरेचदा नुसतं रंगाचं वर्णन असतं, लॅटिनमध्ये लिहिलेलं.

आता फोटो पाहून नाव सुचवणारी संगणकीय साधनं आली आहेत. आयनॅचरलिस्टचं साधन कुल बहुतेक वेळा बरोबर सांगतं, आणि एवढं काम जरी घेतलं तरी ते मोठं आहे. पण ही साधनं शिकतात ती माणसांनी नाव दिलेल्या फोटोंवरून. ज्या प्रदेशात माणसांनाच जाती सांगता येत नाही, तिथे यंत्र सर्वांत जास्त फोटो असलेली जवळची जाती पुढे करतं. ती आपण स्वीकारली, की तोच फोटो पुढच्या शिकवणीत पुरावा म्हणून जातो. चूक अशी स्वतःच्याच पायावर उभी राहते. दोन अनोळखी माणसांनी तेच नाव ‘मान्य’ केलं म्हणून ती दुरुस्त होत नाही. त्या दोघांनी वक्षाची खाच आणि पंखाची शीर पाहिली का, हा प्रश्न उरतोच. जनुकीय पट्टीओळख हा दुसरा मार्ग. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करायची. त्यासाठी माशीचा एक पायही पुरतो, पण तुलनेला नीट ओळखलेल्या नमुन्याची पट्टी आधी साठ्यात असावी लागते. म्हणजे पुन्हा संग्रहालय आलंच. नमुना धरण्याआधी हेही ध्यानात ठेवावं, की अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही.

मग हौशी छायाचित्रकाराच्या हाती काय राहतं? मला वाटतं, बरंच. ऑस्ट्रेलियातली ॲजेनिऑइडियस निग्रिकॉर्निस ही कोळीमार कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ साली वर्णन केली, कॅप्टन कुकच्या सफरीत गोळा झालेल्या नमुन्यावरून. इतकं जुनं नाव, सबंध देशभर आढळ, तरी ती कोणता कोळी धरते हे सव्वादोनशेहून अधिक वर्षं नोंदलेलं नव्हतं. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातल्या एका मुलाला ती लाल पाठीच्या विषारी कोळ्यासह दिसली, घरच्यांनी ते तज्ज्ञांपर्यंत पोचवलं आणि त्या देशातल्या सर्वांत बदनाम कोळ्याचा एक शत्रू कागदावर आला. माशीचं नाव शतकांपूर्वी होतं, गोष्ट नव्हती.

चीनच्या झेजियांग प्रांतातली हकीकत उलटी आहे. तिथे गुटियानशान अभयारण्यात संशोधकांनी पोकळ बोरूंचे जुडगे टांगून घरट्यांचा अभ्यास चालवला होता. काही घरट्यांत सर्वांत बाहेरचा कप्पा मेलेल्या मुंग्यांनी गच्च भरलेला सापडला. आतल्या कप्प्यांत कोळी आणि अळ्या. मुंग्यांच्या वासाने चोर दूर राहत असावेत, असा त्यांचा कयास. त्या घरट्यांतून निघालेली माशी नवी निघाली आणि २०१४ साली तिचं नाव पडलं ड्यूटराजेनिया ऑसेरियम, अस्थिगृहावरून. टाचणीवरची मादी तिच्या बहिणींसारखीच दिसते. तिच्याकडे लक्ष वेधलं ते तिच्या सवयीने, आणि सवय कुणीतरी पाहावी लागते.

आपल्याकडे बाग, गच्ची, शेताचा बांध, कातळसडा, गावाबाहेरची माळजमीन, कुठेही हे पाहायला मिळतं. पावसाळा ओसरला की कोळी मोठे झालेले असतात आणि माश्याही दिसू लागतात. फोटो काढताना घाबरायचं कारण नाही. कोळीमार पोळं राखत नाही, त्यामुळे चिडून अंगावर येत नाही. हातात धरली तर मात्र मादी डंखते आणि तो विसरता येत नाही. नराला नांगी नसते, पण नर आहे की मादी हे बोटांनी तपासू नये.

शटरचा वेग एक हजारांशाच्या पुढे ठेवला तर पंखांच्या फडक्यावर मात करता येते. मोबाइल असेल तर व्हिडिओ काढून त्यातली चौकट निवडावी. जमिनीला टेकून बाजूने एक, समोरून चेहऱ्याचा एक, मागच्या पायाचा एक, आणि पंख पसरलेला असेल त्या क्षणाचा एक फोटो घ्यावा. कोळी दूर ठेवून माशी बिळाकडे गेली की कोळ्याच्या डोळ्यांचा फोटो घ्यायला ती चांगली वेळ असते. कोळी हलवू मात्र नये. माशी ठरलेल्या जागी परत येते आणि तो नसला तर सैरभैर होते. पाय तुटलेले आहेत का, दंश कुठे, अंडं दिसतंय का, मागे करडी माशी आहे का, हे फोटोत यावं. कीटकांचा निरीक्षक फाब्र याने फ्रान्समध्ये आपल्या अंगणात आणि पिंजऱ्यात या माश्यांच्या कित्येक झुंजी पाहिल्या, आणि एका जातीत पहिला डंख कोळ्याच्या तोंडाशी, विषदंत निकामी करायला बसतो हे नोंदवलं. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता.

नाव लिहिताना हात आखडता घ्यावा. ‘हेमिपेप्सिस, जाती अनिश्चित; शिकार: टॅरँटुला, मादी; पाय शाबूत; मुरमाड बांध; ऑक्टोबर; सकाळी अकरा’ ही नोंद उद्या कुणी भारतीय हेमिपेप्सिसचं पुनरावलोकन हाती घेईल तेव्हा थेट कामी येईल. नुसतं लॅटिन जोडनाव लिहिलेला सुंदर फोटो त्याला आधी खोडावा लागेल. तेव्हा वरून काढलेला देखणा फोटो खुशाल भिंतीवर लावा, पण बाजूने काढलेला अर्धवट धूसर, वक्षाची खाच दाखवणारा आणि कोळ्याचे डोळे दाखवणारा असे दोन्ही फोटो डिलीट करू नका. तारीख आणि जागेसह, न कापता, मूळ आकारात ठेवा.